धूर तर रोजचाच, मग अलार्म कशाला?

ठाण्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. नाव-पत्ता गाळून त्याचा गोषवारा असा:

सातव्या मजल्यावरचा टू बीएचके. सासरे ८१ वर्षांचे, सासूबाई ७६ च्या. सासूबाईंच्या कानाला यंत्र आहे, रात्री त्या ते काढून ठेवतात. नवरा-बायको दोघंही नोकरीला. मुलगा बारावीत, तो हॉलमधल्या सोफ्यावर झोपतो. घरात गॅसचा सिलिंडर, बाथरूममध्ये गॅसचा गिझर, देवघर स्वयंपाकघरात. दोन महिन्यांपूर्वी फ्रिजमागचा सॉकेट रात्रीतून जळला. कुणालाच जाग आली नाही. सकाळी दूध नासलेलं निघालं, फ्रिजचा दिवा लागेना, म्हणून फ्रिज पुढे ओढला तर भिंतीवर काळा पट्टा आणि वितळून ओघळलेला प्लग. एडिंबरोला राहणाऱ्या नणंदेला हे कळलं आणि तिने लकडा लावला: "इथे तर कायदाच आहे. डिसेंबरात येताना सहा स्मोक अलार्म आणते, कोणते आणू तेवढं सांग." सासरे म्हणतात, "सकाळी धूप, दुपारी फोडणी, संध्याकाळी कापूर. धूर तर रोजचाच, मग अलार्म कशाला? दिवसभर बोंबलत बसेल." नवऱ्याचं म्हणणं असं की नव्या पीओपीला भोकं नकोत, आणि काही जळलं तर वास येईलच की. बाई विचारतात: "ताईंना नेमकं काय आणायला सांगू? आणि बाबांना कसं पटवू? घरात वाद नको आहे."

*

तुमचं पत्र वाचताना मी त्या नासलेल्या दुधापाशी थांबले. त्या रात्री घरात काहीतरी बिनसलंय हे सांगणारी वस्तू एकच होती, ते दुधाचं पातेलं. आणि तेही सकाळी बोललं. पाच माणसं घरात, भिंतीवर पट्टा उमटेपर्यंत सॉकेट जळतोय, आणि कुणाला पत्ता नाही. तेव्हा 'वास येईलच की' या मुद्द्याचा निकाल तुमच्याच घरात लागून गेलाय, त्यासाठी यजमानांशी वाद घालायची गरज नाही. झोपेत आपलं नाकही झोपतं. कान तेवढे थोडेफार जागे राहतात, म्हणून तर आपण पहाटे उठायला घड्याळाचा गजर लावतो, उदबत्ती नाही लावत. शिवाय धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तो झोपलेल्याला उठवण्याऐवजी आणखी गुंगी आणतो.

तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं मात्र मी खोडणार नाही. ते चुकीचं नाही, उलट अलार्म निवडताना पहिला विचार त्याचाच करायला हवा.

माझ्या घरात पहिला अलार्म आला तेव्हा मी तो हौसेनं स्वयंपाकघराच्या दारावर लावला. पहिल्या दिवशी लाल मिरचीची फोडणी पडली आणि तो किंचाळला. दुसऱ्या दिवशी थालीपीठ तव्याला लागलं, तेव्हाही. तिसऱ्या दिवशी पाहते तर आमच्या सासूबाईंनी स्टुलावर चढून त्याला आंघोळीची प्लास्टिकची टोपी घातलेली. पुढे हॉलमधलं घड्याळ बंद पडलं आणि कुणीतरी अलार्ममधले पेन्सिल सेल काढून त्यात घातले. घड्याळ उत्तम चाललं. अलार्म टोपी घालून, पोट रिकामं, दोन वर्षं छताला लटकत राहिला, आणि 'आमच्याकडे अलार्म आहे' हे समाधान मला दोन्ही वर्षं पुरलं. हे फक्त माझंच नाही. अमेरिकेत घरातल्या आगींमध्ये जे लोक दगावतात, त्यातले पाचांपैकी तिघं अशा घरांतले असतात जिथे अलार्म नव्हता किंवा असून बंद होता. आणि बंद असण्याचं सगळ्यात मोठं कारण सेल काढून ठेवलेले किंवा संपलेले.

म्हणून 'सगळ्यात चांगला अलार्म कोणता' हा प्रश्न मी थोडा बाजूला सारते. तुमच्या घरात कुठल्या खोलीत रोज किती धूर होतो आणि रात्री तिथे कोण झोपतं, हे आधी बघू. त्यावरून यंत्र ठरेल.

स्मोक अलार्म आत काय करतो ते एकदा सांगते, म्हणजे खोक्यावरचे शब्द वाचून गोंधळायला होणार नाही. दुपारी खिडकीच्या फटीतून कवडसा पडतो तेव्हा एरवी न दिसणारी धूळ त्यात चमकताना दिसते ना? धूळ खोलीभर असतेच, पण उजेड तिच्या कणांवर आपटून आपल्या डोळ्यांकडे फुटतो म्हणून ती दिसते. फोटोइलेक्ट्रिक अलार्ममध्ये असाच एक छोटा बंदिस्त कवडसा असतो. एका बाजूने उजेड जातो, डोळा दुसऱ्या कोनात बसवलेला. आत धूर शिरला की उजेड विखरून त्या डोळ्यावर पडतो आणि भोंगा वाजतो. धुमसणाऱ्या आगीचा धूर जाड कणांचा असतो, तो याला चटकन दिसतो. वायरचं वेष्टण, कापसाची गादी, सोफ्याचा फोम, तुमचा फ्रिजमागचा प्लग, हे सगळं आधी बराच वेळ धुमसतं, मग पेटतं.

दुसरा प्रकार आयनायझेशनचा. त्यात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अगदी इवलासा अंश असतो. भडकलेल्या ज्वाळांतून निघणारे बारीक कण तो लवकर पकडतो, पण धुमसणं ओळखायला त्याला उशीर लागतो, आणि फोडणीवर त्याचा विशेष राग. छताला टांगलेल्या स्थितीत तो किरणोत्सार अपायकारक नाही. मात्र आपल्याकडे अशा उपकरणांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं नियंत्रण आहे, ते सामानातून घेऊन येण्याचा किंवा पुढे कचऱ्यात टाकण्याचा उद्योग कशाला? नणंदबाईंना सांगा, फक्त फोटोइलेक्ट्रिक किंवा 'ऑप्टिकल' लिहिलेला. तिकडे दुसरा शब्द जास्त चालतो.

आणि स्वयंपाकघरात स्मोक अलार्म नकोच. कुठलाही नको. गॅसच्या शेगडीपासून तो किमान तीन मीटर लांब असावा असा साधारण नियम आहे, आणि ठाण्यातल्या टू बीएचकेच्या स्वयंपाकघरात तीन मीटर लांब जायचं म्हणजे शेजाऱ्यांकडे जावं लागेल. तिथे हीट अलार्म लावायचा. त्याला धुराशी देणंघेणं नसतं. छताजवळची हवा साधारण ५८ अंशांवर गेली की तो वाजतो. धूप, कापूर, मिरच्यांचा ठसका, पापड भाजणं, कशालाच तो दाद देत नाही. देवघरही तिथेच असल्यामुळे बाबांच्या पूजेचा आणि अलार्मचा संबंध येणारच नाही. त्यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच संपलं. उरलेल्या निम्म्यासाठी बटण आहे: चांगल्या स्मोक अलार्मवर आवाज दहाएक मिनिटं दाबून ठेवणारं बटण असतं. हॉलमध्ये कधी धूप फिरवला आणि तो वाजलाच तर बटण दाबायचं, खिडकी उघडायची. सेल काढायचे नाहीत.

आता एडिंबरोच्या कायद्याबद्दल. नणंदबाई बरोबर सांगताहेत. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात, मग ते मालकीचं असो वा भाड्याचं, बैठकीच्या खोलीत आणि प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये स्मोक अलार्म, स्वयंपाकघरात हीट अलार्म, आणि हे सगळे एकमेकांशी जोडलेले, असं बंधन आहे. खोली गरम करणारी गॅसची किंवा कोळशाची शेगडी, बॉयलर असेल तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही. यातला 'जोडलेले' हा शब्द सोन्याचा आहे. स्वयंपाकघरातला वाजला की बेडरूममधलाही वाजतो. तुमच्याकडे उन्हाळ्यात दोन्ही बेडरूमची दारं एसीसाठी बंद, त्यात पंख्याची घरघर. स्वयंपाकघरातला भोंगा तिथवर पोचेल या भरवशावर राहू नका. तिथल्या कायद्यात बेडरूमची सक्ती नाही. मी मात्र तुमच्या घरात बेडरूम धरते, कारण चार्जरला लावलेले फोन आणि एसी सगळे तिथेच.

मग हिशेब असा बसतो. हॉलमध्ये एक, दोन बेडरूममध्ये एकेक, स्वयंपाकघरात हीट अलार्म. चार झाले. पॅसेज चार पावलांचा असेल तर वेगळा नको, हॉलमधलाच पॅसेजच्या तोंडाशी सरकवा. पाचवी वस्तू कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. सहावी सासूबाईंसाठी, तिच्याकडे येतेच. म्हणजे नणंदबाईंचा सहाचा आकडा बरोबर निघाला, फक्त सहाही एकसारखे नकोत. (पैशाची ओढाताण असलेल्या इतर वाचकांसाठी: एकच घेता येत असेल तर तो झोपायच्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये, दुसरा घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाच्या खोलीत.)

खोक्यावर कुठला मानक क्रमांक बघायचा तेही त्यांना कळवा. स्मोक अलार्मवर ईएन १४६०४, हीट अलार्मवर बीएस ५४४६-२, कार्बन मोनॉक्साइडवाल्यावर ईएन ५०२९१. अमेरिकेतून कुणी आणत असेल तर स्मोक अलार्मवर यूएल २१७, आणि तिकडचा थेट विजेवर चालणारा नको, त्यांचा दाब १२० व्होल्टचा. आत बंदिस्त, दहा वर्षं चालणारी लिथियम बॅटरी असलेला घ्या. महाग पडतो, पण घड्याळासाठी त्यातले सेल कुणी पळवू शकत नाही. पाठीमागे बनवल्याचं वर्ष छापलेलं असतं. आयुष्य त्या तारखेपासून दहा वर्षं धरायचं, लावल्या दिवसापासून नाही. सवलतीत मिळणारा माल कधी कधी तीन वर्षं गोदामात बसून आलेला असतो. रेडिओने एकमेकांशी बोलणारे घेणार असाल तर एक मेख आहे: प्रत्येक देशाने त्यासाठी लहरींचा वेगळा पट्टा मोकळा ठेवलाय. आपल्याकडे विनापरवाना चालतो तो ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा. युरोपातली बरीच यंत्रं ८६८ च्या किंचित पुढे-मागे बोलतात, तेव्हा घेण्याआधी नेमका आकडा बघायला सांगा. तो बसत नसेल तर जोडलेले अलार्म इथेच घ्या आणि नणंदबाईंकडून फक्त कार्बन मोनॉक्साइडचा मागवा.

इथे घ्यायचं ठरलं तर ऑनलाइन हमखास होणारी फसगत सांगून ठेवते, कारण गेल्या वर्षभरात याच विषयावर तीन पत्रं आली. 'स्मोक डिटेक्टर' आणि 'स्मोक अलार्म' दोन वेगळ्या वस्तू आहेत. ऑफिसच्या छताला दिसतो तो डिटेक्टर. त्याला वायर लागते, कंट्रोल पॅनेल लागतं, आणि त्याला स्वतःचा भोंगा नसतो. धूर कळला की तो फक्त पॅनेलला कळवतो. असा डिटेक्टर स्वस्तात मिळाला म्हणून एका गृहस्थांनी छताला स्क्रूने पक्का केला. त्यावर सेल घालायची जागाच नाही हे त्यांच्या नातीने विचारलं तेव्हा कळलं. वस्तूच्या वर्णनात 'स्वतंत्रपणे चालणारा, बॅटरीवर, भोंग्यासह' असं स्पष्ट असेल तरच घ्या. आणि धूर, गॅस, कार्बन मोनॉक्साइड, तापमान, सगळं एकाच डबीत ओळखणारी, वर कुठल्याही मानकाचा क्रमांक नसलेली चकचकीत वस्तू दिसली की पुढे जा.

लावण्याच्या जागेबद्दल पत्रकात लिहिलेलं असतं, छताच्या मधोमध लावा. आपल्याकडे मधोमध पंखा असतो. पात्याच्या टोकापासून अलार्म किमान ९० सेंटीमीटर दूर हवा, नाहीतर पंखा धूर त्याच्यापर्यंत पोचूच देत नाही. तुमची बेडरूम दहा बाय बारा फूट धरते. पंखा ४८ इंची, म्हणजे मध्यापासून पात्याचं टोक ६० सेंटीमीटर. त्यात ९० मिळवले की दीड मीटर. दहा फुटांच्या दिशेने गेलात तर दीड मीटरवर भिंतच लागते. बारा फुटांच्या दिशेने जा, तिकडे भिंतीच्या एक फूट अलीकडे जागा सापडते. ती जागा. एसीचा झोत थेट अंगावर येणार नाही आणि बाथरूमच्या दारातली वाफ लागणार नाही एवढं बघा. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात मात्र नको, तिथे हवा कोंडून राहते आणि धूर उशिरा पोचतो.

पीओपीची भोकं: दोन बारीक स्क्रू, तेही प्लास्टिकच्या प्लगसकट, कारण नुसत्या पीओपीत स्क्रू टिकत नाही. दोन मिनिटांचं काम. यजमानांना फ्रिजमागची भिंत रंगवून घ्यायला किती खर्च आला ते आठवून द्या, पुढे बोलावं लागणार नाही.

सासूबाईंचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. यंत्र काढल्यावर त्यांना काय ऐकू येतं हे तुम्ही कधी तपासलंय का? नेहमीच्या अलार्मचा आवाज तीन हजार हर्ट्झच्या वरचा, उंच पट्टीचा असतो, आणि वयाबरोबर कान पहिल्यांदा नेमकी तीच पट्टी गमावतो. तीन मीटरवरून ८५ डेसिबलचा भोंगा तुम्हाला कान किटवणारा वाटेल, त्यांना कदाचित डासाच्या भुणभुणीएवढाही नाही. ५२० हर्ट्झच्या खालच्या पट्टीत वाजणारे अलार्म मिळतात, ते कमी ऐकू येणाऱ्यांना खूप चांगले जागं करतात. त्याहून नेमकी वस्तू म्हणजे उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती; अलार्म वाजला की ती हलते, सोबत दिवा लुकलुकतो. नणंदबाईंच्या सामानातली सहावी वस्तू ही. ज्या कंपनीचे अलार्म घेतील त्याच कंपनीची घ्या म्हणावं, एरवी ती एकमेकांशी बोलत नाहीत. आल्यावर रात्री एकदा, सासूबाईंना आधी सांगून, यंत्र काढून झोपू द्या आणि बटण दाबून बघा. न सांगता मुळीच नको, ७६ वर्षांच्या माणसाला असं दचकवून उठवायचं नाही.

आता गॅस. धुराच्या अलार्मला गॅस कळत नाही, आणि गॅसच्या अलार्मला धूर कळत नाही. तुमच्याकडे सिलिंडर आहे, त्यातला एलपीजी हवेपेक्षा दीड-दोन पट जड, गळला की जमिनीलगत साचतो. त्याचा अलार्म जमिनीपासून वीतभर-फूटभर उंचीवर लागतो. एडिंबरोत नळाने येणारा गॅस म्हणजे मिथेन, तो हवेपेक्षा हलका, म्हणून तिथलं पत्रक सांगणार की छताजवळ लावा. नणंदबाईंनी प्रेमानं गॅसचाही अलार्म आणला आणि पत्रकाबरहुकूम वर चढवला, तर खाली सिलिंडर गळत राहील आणि वरचा गप्प. हा एक इथेच घ्या, एलपीजीसाठीचा. पुढेमागे इमारतीत पाइपचा गॅस आला तर मिथेनचा घेऊन तो वर लावा. गॅसचा वास आला किंवा तो अलार्म वाजला तर आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याचं किंवा एक्झॉस्टचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन. हा एलपीजी गळतीचा चोवीस तासांचा क्रमांक आहे.

बाथरूममधल्या गॅस गिझरबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण अख्ख्या पत्रातली मला सगळ्यात घाबरवणारी ओळ तीच. बंद बाथरूममध्ये गिझर जळतो तेव्हा हवा कमी पडते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. आंघोळीला गेलेलं माणूस दाराला कडी लावून आतच कोसळतं. यावर अलार्म हा उपाय नाही, हे स्पष्ट सांगते. बाथरूमच्या वाफेत तो लावता येत नाही, आणि दाराबाहेर लावला तर आतलं माणूस पडेपर्यंत त्याला पुरेसा वायू लागेलच असं नाही. गिझर बाहेर काढा, जिथे हवा खेळते अशा डक्टच्या बाजूला किंवा बाल्कनीत, गरम पाणी पाइपने आत आणा. नाहीतर विजेचा बसवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्यानंतर, घरात लावायला. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवणाऱ्या, किंवा बाळ-बाळंतिणीला खिडक्या लावून धुरी-शेक देणाऱ्या घरांनी तर तो घ्यावाच, आणि एक खिडकी उघडीही ठेवावी.

सॉकेटचं पुढे काय केलंत ते पत्रात नाही. नुसता बदलून घेतला असेल तर इलेक्ट्रिशियनला पुन्हा बोलवा. स्क्रू सैल झाला की त्या जागी वायर तापत राहते, पण वीज नेहमीएवढीच वाहते, म्हणून एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारी मीटरजवळची खटकी) पडत नाही. तुमचा पडला नाही तो बहुधा याचमुळे. घरातले गिझर, एसी, मायक्रोवेव्ह, फ्रिज यांचे सगळे सॉकेट उघडून स्क्रू आवळून घ्या, आणि फ्रिज मल्टिप्लगवर होता का तेही बघा. मुलाला सांगा, लॅपटॉप गादीवर आणि फोन उशीखाली ठेवून चार्जिंग नाही. ई-बाइकची बॅटरी घरात आणून चार्ज करणारे वाचक असतील त्यांनी ती निदान दाराच्या वाटेत ठेवू नये. पेटली तर बाहेर पडायचा रस्ताच जातो.

फोनवर सूचना पाठवणारा, वायफायवाला अलार्म नणंदबाईंना भुरळ घालेल. घेऊ द्या, पण एक प्रश्न विचारा: आपल्याकडे पहाटेचे तीन, तिकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेनऊ, फोन वाजला, आता त्या काय करणार? एडिंबरोहून १०१ किंवा ११२ फिरवून ठाण्याची गाडी येत नाही. त्यांच्या फोनमध्ये शेजारच्या दोन घरांचे, वॉचमनच्या केबिनचा, आणि जवळच्या अग्निशमन केंद्राचा लँडलाइन क्रमांक देशाच्या कोडसकट हवा. शिवाय आगीत वीज गेली की राउटर बंद, संदेश बंद. घरातला भोंगा हाच मुख्य, फोन वरकड.

इमारतीकडेही एकदा बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पहाटे तीनच्या सुमाराला खाली पार्किंगमध्ये साठवलेल्या कापडाला आग लागली आणि धूर वर चढला. निदान सात माणसं गेली. घरात सगळं जागच्या जागी असून अशी आग येते. तुमच्या सोसायटीत अग्निशमन यंत्रणा असणारच. २००६ च्या राज्याच्या कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीचं तपासणी प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात, दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. पुढच्या सभेत ते बघायला मागा, आणि खाली जाऊन पॅनेलवरचा भोंगा कुणी कटकट नको म्हणून बंद करून ठेवलेला नाही ना तेही बघा. बऱ्याच ठिकाणी असतो. जिन्यात धूर असेल तर सातव्या मजल्यावरून खाली धावायचं नाही. दार लावून फटीत ओला टॉवेल, १०१ ला फोन, आणि सगळे बाल्कनीच्या खोलीत. आग स्वतःच्याच घरात असेल तर उलट, ताबडतोब बाहेर, जाताना दार ओढून घ्यायचं, लिफ्ट नाही.

बाबांना पटवायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. पटवू नका. काम द्या. अलार्मचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं लागतं आणि ही गोष्ट जगात सगळे विसरतात. पूजा करणारा माणूस एक दिवस कधी विसरत नाही: संकष्टी. चंद्रोदयाची वाट बघत सगळे जेवायचे थांबलेलेच असतात. तेव्हा त्यांनी काठीच्या टोकाने एकेका अलार्मचं बटण दाबायचं; काठी छतापर्यंत जात नसेल तर नातवाने झाडू घेऊन, त्यांच्या हुकमाखाली. सगळे एकदम वाजायला हवेत. एखादा मागे राहिला तर त्याची चौकशी. दिवाळीच्या साफसफाईत ब्रशने जाळी झटकायची, चिलटं आत घर करतात आणि उगाच वाजायला लागतो. रंगकामाच्या वेळी पिशवी बांधली तर ती काढायची जबाबदारीही त्यांचीच. रात्री-बेरात्री मिनिटा-मिनिटाला एकच बारीक टिक ऐकू आली तर ती बॅटरी संपल्याची. पहाटे गारवा वाढला की बॅटरी आणखी मलूल होते, म्हणून हे नेमकं साखरझोपेत सुरू होतं. हेही त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे 'मी म्हटलं नव्हतं?' ऐकावं लागणार नाही. आणि नवरात्रात नंदादीप लावत असाल तर समई परातीत, पडद्यापासून हातभर लांब. हे त्यांना तुम्ही सांगण्यापेक्षा नणंदबाईंनी सांगितलेलं बरं. मुलीचं ऐकतात.

एक गोष्ट डिसेंबरपर्यंत थांबवू नका. रात्री सेफ्टी डोअरला कुलूप लावता ना? त्याची चावी कुठे असते? माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांत ती फ्रिजवरच्या टोपलीत, जुनी बिलं, रबरबँड आणि औषधांच्या पट्ट्यांखाली असते. धुरात, अंधारात, मोबाइलच्या उजेडात ती शोधायची. बाल्कनीच्या ग्रिलला उघडणारी खिडकी असेल तर तिच्या कुलपाचंही तेच, आणि ते कुलूप दोन पावसाळ्यांत गंजून बसलेलं असतं. आज रात्री जेवणं झाली की ग्रिलच्या कुलपात दोन थेंब तेल सोडा, फिरतंय का बघा. सेफ्टी डोअरच्या चावीला लाल लोकरीचा मोठा गोंडा बांधा, आणि आतल्या बाजूला, बाहेरून हात घातला तरी पोचणार नाही पण सासूबाईंना काळोखात चाचपून सापडेल अशा उंचीवर खिळा ठोका. भिंतीतच ठोका, पीओपीत नको.